हौद्यावरचं झाकण

ती. आर्डिसताईस,

धाकट्या सेल्मरचा बर्फातून नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं, आणि ते होताच दुसऱ्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली हे वाचून आपल्या घराण्याची आठवण झाली. आपल्याकडे एकाला काही मिळालं की दुसऱ्याला ते हवंच असतं. वेंडलदाजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी गोल्फ सोडून पत्ते धरले असं कळलं. चांगलं केलं, पत्ते निदान गवतात हरवत नाहीत. तू पाठवलेली पपनसांची पेटी पोचली. पोस्टमनने ती दाराबाहेर ठेवली आणि माझं लक्ष उशिरा गेलं, त्यामुळे फळांचे दगड झाले होते. एक कुऱ्हाडीने फोडून खाल्लं. चवीला छान होतं. इकडे स्कोगडालमध्ये सगळे ठीक आहेत, म्हणजे जे आहेत ते ठीक आहेत.

पत्र लिहिण्याचं कारण अगदी किरकोळ आहे. माझ्या पिकअपच्या हौद्यावर पक्कं झाकण बसवावं की नाही, याबद्दल मला तुझा आणि दाजींचा सल्ला हवा आहे. ताडपत्री नव्हे, मेणकापडाची गुंडाळी नव्हे. अॅल्युमिनियमचं, तीन घड्यांचं, कुलूपवालं, सगळ्यात भारी. तेवढ्यासाठीच हे पत्र. बायकोबद्दल, म्हणजे मार्लिसबद्दल, मी काही विचारत नाहीये. नाताळची झाडं लोकांनी बाहेर काढून टाकली त्या आठवड्यात ती तुझ्याकडे अॅरिझोनाला 'दोन आठवड्यांसाठी' आली, आणि आता मार्च लागला तरी तिचे दोन आठवडे संपलेले नाहीत, तर तो तिचा प्रश्न आहे. 'मी पुन्हा बर्फ बघणार नाही,' असं ती फोनवर म्हणाली. तेही ठीक. माणसाला मत असावं. माझं मत असं की मी इथे जन्मलो, इथेच राहीन. म्हणजे दोघांचीही मतं पक्की आहेत आणि मध्ये अर्धा अमेरिका देश आहे. असो. तू हे पत्र तिला वाचून दाखवायची काही गरज नाही. (अक्षर मोठं काढलंय ते माझा चष्मा जुना झाला म्हणून. तिचा चष्मा सापडत नसेल तर तो सहसा पावाच्या डब्यावर असतो.)

तर झाकण. ही कल्पना डोक्यात शिरली कशी ते सांगतो. मार्लिस गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसलो की वाटतं चुलीवर काहीतरी राहिलंय. उठून बघतो तर चूल थंड. मग वाटतं दाराशी कोणी आलं. दार उघडतो तर वारा. मग उगाच गॅरेजमध्ये जातो आणि गाडीभोवती फिरतो. माणूस गाडीभोवती पुष्कळ फिरला की त्याला तिच्यात काहीतरी कमी दिसायला लागतं. माझ्या लक्षात आलं की हौदा उघडा आहे. सतरा वर्षं तो उघडाच होता, पण आत्ता तो मला फार उघडा वाटायला लागला. त्यात काय आहे म्हणशील, तर चाकं घसरू नयेत म्हणून हिवाळ्यात टाकतो त्या वाळूच्या गोण्या, एक फावडं, बूड गेलेली एक बादली आणि वर साठलेला बर्फ. एवढ्या ऐवजाला कुलूप कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण मी टेप आणून हौदा मोजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. हौदा वाढत नसतो हे मला माहीत आहे ताई, पण मोजताना तेवढा वेळ बरा जातो.

मग एका मंगळवारी ला क्रॉस शहरात गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथे टॅनर नावाचा एक विक्रेता आहे. दाढी मोठी, टोपी त्याहून मोठी. त्याने नमुन्याचं झाकण दाखवलं आणि मी काही विचारायच्या आत तो त्याच्यावर चढून उड्या मारायला लागला. "काका, बघा! हलतंय का? या, तुम्ही पण या!" आता, मी नको म्हणायला हवं होतं. पण आपल्या लोकांना नको म्हणता येत नाही हे तुला माहीत आहे. मी चढलो. चढणं जमलं. उतरताना मात्र माझ्या कमरेने हात वर केले आणि मी बराच वेळ त्या झाकणावर उभा राहून दुकान बघत राहिलो, जणू मला तिथून दुकान बघायचंच होतं. टॅनर खालून झाकणाचे गुण सांगत होता. पाणी शिरत नाही, चोर शिरत नाही, धूळ शिरत नाही, घड्या घालून पुढे सरकवलं की हौदा मोकळा, आणि हौद्याचं मागचं फळकूट झाकणासकट कुलूपबंद. किंमत त्याने आवाज खाली आणून सांगितली, दवाखान्यात सांगतात तशी. (ती इथे लिहीत नाही. दाजींचं ब्लडप्रेशर.) शेवटी त्याने विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं झाकायचं काय आहे?" "विचार करतो," म्हणालो आणि शिडी मागितली.

विचार करायला माणूस जातो कुठे? पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर. तिथे आमची नेहमीची मंडळी सकाळी बसलेली असतात आणि ज्या गोष्टीचा त्यांना गंध नाही तिच्यावर त्यांचं मत तयार असतं. निम्मे म्हणाले, घे. निम्मे म्हणाले, वेडा आहेस का? एकाने तर सांगितलं की उघड्या हौद्यात लोक आपुलकीने काहीबाही टाकून जातात, झाकण लावलंस तर ऑगस्टमध्ये तुझ्या वाट्याला एकसुद्धा काकडी येणार नाही. हा मुद्दा मला पटला नाही, कारण गेल्या ऑगस्टमध्ये चर्चमधून बाहेर येईपर्यंत माझ्या हौद्यात लोकांनी घरची नकोशी झालेली इतक्या काकड्या आणि दुधी टाकले होते की आम्ही दोघं महिनाभर तेच खात होतो. (मार्लिसने दुधीचा केकसुद्धा केला होता. तो चांगला व्हायचा. हे सहज आठवलं.) माझा शेजारी लव्हर्न होगस्टाड मात्र झाकणाच्या बाजूने असा भांडला की विचारू नकोस. त्याने ते गेल्या वर्षीच घेतलं आहे, तेव्हा त्याला दुसरा मार्गच नाही. म्हणाला, "अरे, नुसतं विचारत काय बसलास? माझी गाडी घेऊन जा एक दिवस. वापर. मग बोल."

आणि इथे ताई, मी ती चूक केली जी आपल्या खोऱ्यात जन्मलेला माणूसच करू शकतो. गाडी एक दिवस वापरून बघायची तर लाकडं आणावीत, फार तर जुना गालिचा न्यावा. मी काय केलं, तर चर्चच्या लुटफिस्क जेवणाचा मासा आणायचं काम अंगावर घेतलं.

तू आता तिकडे उन्हात राहून विसरली असशील म्हणून आठवण करून देतो. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून भिजवून थुलथुलीत होईपर्यंत ठेवायचा, मग उकडायचा आणि वितळलेलं लोणी ओतून गिळायचा. आपल्या आजोबांनी गरिबीमुळे खाल्ला. आपण तिकीट काढून खातो. शेजारच्या तीन परगण्यांतून बसगाड्या भरून माणसं येतात, वर चर्चच्या बाकांवर आपला नंबर पुकारेपर्यंत बसतात आणि खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात आयनेझ फ्येलस्टाड सगळ्यांना धारेवर धरते. (आयनेझबाई ऐंशी पार झाल्या. बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटताना अजून त्यांचं लाटणं हवेत असतं.) गेली कित्येक वर्षं मासा मी आणि मार्लिस आणायचो. टोपल्या हौद्यात, वर निळी ताडपत्री, आणि मार्लिस मागे वळून वळून ताडपत्रीकडे बघणार. यंदा मी एकटा होतो आणि ताडपत्रीकडे बघायला कोणी नव्हतं. तेव्हा झाकण हवंच, असं मी मनाशी ठरवलं.

मासा घेतला, झाकण लावलं, कुलूप फिरवलं, आणि परत यायला निघालो तोच पाऊस सुरू झाला. नुसता पाऊस नव्हे. पडेल तिथे काच होऊन बसणारा तो आपला पाऊस. मी सावकाश, फार सावकाश आलो आणि येताना अभिमानाने मागे बघत होतो, की बघा, आत एक थेंब नाही. ते खरंच होतं. थेंब आत जात नव्हता. चर्चच्या मागच्या दाराशी गाडी लावली आणि मग कळलं की आतलंही काही बाहेर येणार नव्हतं. झाकण, फळकूट, बिजागऱ्या, कुलपाचं भोक, सगळ्यावर बोटभर बर्फ. किल्ली आत जाईना. वर माणसं बाकांवर दाटीवाटीने बसलेली. खाली पाण्याला उकळी आलेली. आणि मासा माझ्या, म्हणजे लव्हर्नच्या, झाकणाखाली अगदी सुरक्षित.

पुढचं मी एका दमात सांगतो, नाहीतर लिहिताना पुन्हा घाम फुटेल. आधी आम्ही झाकणाला बुक्क्या मारल्या. मग आयनेझबाई बाहेर आल्या, पाहिलं, आणि आपल्या लोकांना कुठल्याही संकटात जे सुचतं तेच त्यांना सुचलं. कॉफी. चर्चच्या कॉफीचं ते मोठं पिंप दोघांनी उचलून आणलं आणि झाकणावर ओतलं. बर्फ वितळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत कॉफी गोठली. आता झाकणावर तपकिरी बर्फ होता. (आपल्या चर्चची कॉफी किती पातळ असते हे मी आजवर बोललो नव्हतो. ती पाण्याइतकीच पटकन गोठते, एवढंच सांगतो.) कोणीतरी पहार आणली. तेवढ्यात लव्हर्न धावत आला आणि झाकणावर आडवा पडला. "हात लावाल तर याद राखा! याच्यावर दोन माणसं उभी राहू शकतात!" आयनेझबाई म्हणाल्या, "अरे मेल्या, उभं कोणाला राहायचंय? आम्हाला आतला मासा हवाय!"

शेवटी पास्टर क्रिस्टाने तोड काढली. रस्त्यापलीकडे अग्निशमन केंद्र आहे, ते आतून तापवलेलं असतं. गाडी ढकलत ढकलत तिकडे नेली. मोठा बंब बाहेर पावसात आणि लव्हर्नची गाडी आत उबेला. आता टपटप पाणी गळायची वाट बघायची. तोवर वर बसलेल्या मंडळींकडून पास्टरबाईंनी भजनं म्हणवून घेतली. पुस्तकातली बरीच संपली तेव्हा मग मासा न खाणाऱ्यांसाठी केलेले मटणाचे गोळे, बटाटे, पोळ्या, सगळं वाढायला घेतलं. माणसं पोटभर जेवली, कमरेचे पट्टे सैल केले, कोट चढवले, आणि नेमका त्याच वेळी मी मासा घेऊन आत आलो. ताई, एकाही माणसाने नको म्हटलं नाही. कोट काढून सगळे पुन्हा बसले. तट्ट पोटावर, लोणी ओतून, डोळे मिटून, प्रत्येकाने मासा खाल्ला आणि जाताना मला 'वेगळंच झालं यंदा' असं सांगितलं. आपल्याकडे याहून कडक शब्द नाही, तुला माहीत आहे.

त्या दिवशी ज्याने त्याने मला एकच विचारलं. मासा कुठे, असं नाही. मार्लिस कुठे? मी सांगत होतो, आर्डिसताईकडे गेली आहे, येईल. भांडी घासताना आयनेझबाई म्हणाल्या, "मार्लिस असती तर तिने मासा पुढच्या सीटवर घेतला असता. मांडीवर." मी म्हटलं, हो. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सेल्मर, तू त्या गाडीभोवती जेवढा चाललास ना, तेवढ्यात अॅरिझोना आलं असतं." मी ताट पुसत राहिलो. पुसलेलंच ताट परत पुसत होतो हे नंतर लक्षात आलं.

आता तुला वाटेल, फोनवर का बोलत नाही? बोलतो की. दर रविवारी बोलतो. ती तिथलं तापमान सांगते, मी इथलं सांगतो, मग दोघं मिळून वजाबाकी करतो आणि फोन ठेवतो. एकदा मी म्हणणार होतो की मार्लिस, घरात फार शांत वाटतं. तोंडातून निघालं ते असं की वारा पडलाय. ती म्हणाली, बरं झालं. आपल्याला नको म्हणता येत नाही हे एक वेळ चालतं. पण हवंय हेसुद्धा म्हणता येत नाही, ही फार पंचाईत आहे. मला करमत नाही ताई. हे तुला लिहिता येतं, कारण तू मला डबक्यात पडून रडताना पाहिलेलं आहेस.

पण विषय झाकणाचा चालला होता. लव्हर्नच्या गाडीचा वास अजून गेलेला नाही. त्याची बायको त्या गाडीत बसत नाही आणि लव्हर्न पंपावर माझ्या टेबलाशी बसत नाही. मी पुन्हा ला क्रॉसला गेलो, टॅनरला जाब विचारायला. त्याने सगळी हकिगत ऐकली, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि खरं बोलला. "काका, तुमच्या हवेत कुठलंही झाकण गोठणारच. तुम्ही इथल्या इथे फिरणार असाल तर पैसे वाया घालवू नका. ताडपत्री बरी. हे कामाचं कोणाला, तर घरचं सामान घालून लांब निघालेल्याला. दिवसभर रस्ता, मुक्कामाला कुलूप लावून निवांत झोपायचं. आणि पुढे कोरडी हवा असेल तर जन्मभर बघायला नको." मग म्हणाला, "तुम्ही कुठे निघालाय का?" मी "नाही!" म्हटलं, पण इतक्या जोरात की टायर बघणारं गिऱ्हाईक दचकून वळलं.

म्हणजे हिशेब असा आहे. इथे राहणाऱ्या माणसाला हे झाकण म्हणजे निव्वळ उधळपट्टी. ते घ्यावं अशा ठिकाणी जाणाऱ्याने, जिथे ऊन आहे, धूळ आहे आणि दाराबाहेर ठेवलेलं पपनस पपनसच राहतं. आणि मी तर इथेच राहणारा माणूस आहे, हे वर लिहिलंच आहे. तेव्हा घ्यावं की नाही याचा निर्णय अजून झालेला नाही. दाजींना विचारून कळव. घाई नाही. पण या आठवड्यात कळवलंस तर बरं.

गुडघ्याला जप. चिमण्यांसाठी बाहेर दाणे टाकतेस का अजून? इकडे मी टाकतो. मार्लिस टाकायची म्हणून.

तुझा धाकटा भाऊ,
सेल्मर ब्रेके

ता. क. तुमच्या अंगणातल्या गाडी लावायच्या छपराखाली दुसरी एक गाडी मावेल का? दाजींना लांबी-रुंदी मोजायला सांग. सहज कुतूहल म्हणून विचारतोय.

पुन्हा ता. क. मार्लिसने मला 'तू ये' असं आजवर म्हटलेलं नाही, आणि मी येऊ का हे विचारलेलं नाही. तू सरळ विचारू नकोस, ती सरळ उत्तर देणार नाही. एवढंच विचार की घरातली तिची कुठली वस्तू तिला तिकडे हवी आहे. तिने लोकरीच्या सुया किंवा सपाता सांगितल्या तर मी पोस्टाने पाठवीन आणि काय ते समजेन. पण तिने गोधडी शिवायची ती लाकडी चौकट सांगितली, किंवा तिच्या आईची देवदारी पेटी, तर ती काही पोस्टाने जात नाही. ती कोणीतरी गाडीतूनच आणावी लागेल.

आणखी एक ता. क. वर निर्णय झाला नाही असं लिहिलंय ते आता मोडलं. झाकण काल बसवून घेतलं. एकदा बसवलं की दुकानवाले परत घेत नाहीत. म्हणून तिने सपाता म्हटलं तर लगेच विषय सोडू नकोस, तिला जरा विचार करू दे. कपडे धुवायचं मशीनसुद्धा तिचंच आहे, तिच्या आईकडून आलेलं, याची तिला आठवण करून दे.

शेवटचं. मशीन झाकणाखाली मावत नाही. आत्ताच मोजून आलो. तिने मशीन मागितलं, तर झाकण काढून इथेच टाकतो आणि ताडपत्री बांधून निघतो.